पिठातली अक्षरं

शिक्केबाईंच्या हातात पेन दिलं की अक्षर सुलट यायचं आणि ब्लेड दिलं की उलट. त्यासाठी त्यांना डोकं चालवावं लागत नसे. जिना उतरताना कुठला पाय आधी टाकायचा हे आपण कुठे ठरवतो, तसंच ते. वडील रबरी शिक्के कोरायचे. त्यांच्या शेजारी बसून बाई शिकल्या. शाळेत पाटीवर सुलट 'क' गिरवण्याआधी पोरीने रबरावर उलटा 'क' कोरला होता, असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. खरंखोटं तेच जाणोत. त्यांचं आणखी एक लाडकं वाक्य होतं. "जगात सगळं आरशात उलटतं, फक्त छत्तीसचा आकडा तेवढा छत्तीसच राहतो. भांडण कुठूनही बघा, भांडणच!"

वडिलांनंतर बाईंनी टेबल सांभाळलं. कचेरीसमोर, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्यामधल्या फटीत ते टेबल होतं. दुकान म्हणावं तर त्याला भिंती नव्हत्या, आणि टपरी म्हणावं तर मागे शिक्क्यांनी भरलेलं काचेचं कपाट होतं. डॉक्टर, वकील, शाळा, सोसायट्या, सगळ्यांची नावं बाईंच्या हातून उलटी होऊन जायची आणि कागदावर सुलट होऊन नांदायची. मग एक दिवस शेजारच्या झेरॉक्सवाल्यानेच शिक्के बनवायचं मशीन आणलं. गिऱ्हाइकाने नाव सांगायचं, चहा संपायच्या आत शिक्का तयार.

"बाई, मी नसतं आणलं तर पलीकडच्याने आणलं असतं," तो खाली बघत म्हणाला.

"बरं झालं रे बाबा," बाई म्हणाल्या. "निदान ओळखीच्या माणसाने पोटावर पाय दिला."

टेबल उठलं. घरात धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची मुलगी. कुणी बाईंना एका शब्दाने दुखवलं नाही. पण हाताला सवय लागलेली असते, आणि रिकामा हात घरभर फिरतो. बाईंनी आधी बटाट्यावर भावजयीचं नाव कोरलं, मग खोडरबरावर, मग अंघोळीच्या साबणावर. भाऊ ओल्या अंगाने बाहेर येऊन आरशासमोर साबण धरून वाचायला लागला, तेव्हा भावजय म्हणाली, "वन्सं, साबण अंगाला लावायचा असतो, वाचायचा नसतो." सगळे हसले. बाईही हसल्या. पण भाचीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. हसताना तो हात पदराच्या काठाशी काहीतरी कोरतच होता.

भाची गोळ्यांच्या कारखान्यात होती, तिथल्या प्रयोगशाळेत. जेलीच्या मऊ गोळ्या तिथे तयार व्हायच्या. एका संध्याकाळी ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "आत्या, आमचे साचेवाले काका काम सोडून मुलीकडे राहायला गेले. आणि मॅनेजरबाईंना आता अक्षरांच्या गोळ्या काढायच्यात. अ आ इ पासून सगळी मुळाक्षरं. अक्षर कोरणारं कुणी मिळत नाहीये. नाहीच मिळालं तर साचे बाहेरून तयार मागवणार, आणि साचेघराला कुलूप."

"मग?"

"मग काय मग! मी तुझं नाव सांगून आले. एक चाचणी होईल. जमली तर साचेघर तुझं."

बाई उठल्या. आत जाऊन ब्लेडला धार लावायला बसल्या.

पहिल्या दिवशी मॅनेजरबाई म्हणाल्या, "आधी मशीन बघा. काम कशासाठी करायचं ते कळल्याशिवाय करू नये." हे बाईंना आवडलं.

मशीन एका लांबलचक हॉलमध्ये होतं. एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस पेन्सिलीएवढा दिसे. साखळ्या, दांडे, सरकणारे पट्टे, ट्रेच्या छतापर्यंत गेलेल्या चळती. बाईंना वाटलं, एवढ्या लोखंडाच्या पोटात काहीतरी भयंकर शिजत असणार. आणि पोटात काय, तर पीठ! मक्याचा शुभ्र स्टार्च. कारखान्यात सगळे त्याला नुसतं पीठ म्हणत, आणि ते मशीन सांभाळणाऱ्या माणसाला पीठमास्तर. मास्तरांच्या भुवया, कान, बुटांच्या नाड्या, सगळं पांढरं. खरे केस किती पांढरे झालेत हे बायकोलाही माहीत नाही, असं ते स्वतःच सांगायचे.

"हात लावून बघू?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी बाजूला काढलेला एक ट्रे पुढे केला. बाईंनी अंगठा टेकवला आणि उचलला. पिठात अंगठा जसाच्या तसा होता. नुसता खड्डा नव्हे, अंगठ्यावरची रेघ न् रेघ. ब्लेड लागून कधीकाळी पडलेल्या व्रणाची तिरकी ओळसुद्धा.

"घ्या!" मास्तर भाचीला म्हणाले. "तुमच्या आत्या अक्षरं कोरणार म्हणे, आणि आल्या आल्या अंगठाच दिला."

बाईंना हसायला वेळ नव्हता. ट्रे पट्ट्यावर सरकू लागले होते. एकेका ट्रेमध्ये वरून पीठ पडत होतं आणि एक पट्टी ते सपाट करत होती. पाटी पुसतात तशी, पण असं सपाट पुसणं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. पुढे एक जड पाट होता. त्याच्या तळाला प्लॅस्टरचे तारे ओळीने चिकटवलेले. तो पाट खाली आला, पिठात रुतला आणि क्षणभर थांबून अलगद वर गेला. खाली पिठात तारेच तारे. फुंकर मारली तर उडून जाईल असं पीठ, आणि त्यात ताऱ्यांची टोकं सुईसारखी उभी. ट्रे सरकला. वर तोट्यांची रांग होती. प्रत्येक तोटीतून लाल गरम पाकाचा एकेक थेंब एकाच वेळी सुटला आणि बरोबर आपापल्या ताऱ्यात जाऊन बसला. सांडणं नाही, शिंतोडा नाही. सगळे तारे एकदम पेटल्यासारखे लाल झाले.

"ढासळत कसं नाही?" बाई कुजबुजल्या. कुजबुजायचं कारण नव्हतं, मशीनचा आवाज एवढा होता. पण मोठ्याने बोलणं त्यांना बरं वाटेना.

"तेच तर," मास्तर म्हणाले. इतकी वर्षं रोज बघूनही त्यांच्या बोलण्यात कंटाळा नव्हता. "पीठ दोन कामं करतं, बाई. पाक अंगावर घेतं आणि त्यातलं पाणीही पितं. हे ट्रे आता गरम खोलीत जातील. उद्या येतील तेव्हा पाकाची गोळी झालेली असेल."

"म्हणून मी रोज पिठाचा ओलावा तपासते," भाची म्हणाली. "ओलं राहिलं तर ते पाणी पीत नाही. आणि फार कोरडं झालं तर धूळ उडते. ती धूळ साधी नसते, ठिणगी पडली तर हॉल उडेल."

"आणि गोळ्या निघाल्यावर पीठ फेकता?"

मास्तरांनी असं पाहिलं, जणू बाईंनी घरातलं माणूस फेकायची गोष्ट काढली होती. "फेकतो कसे? हे पीठ माझ्या नोकरीपेक्षा जुनं आहे. चाळायचं, वाळवायचं, परत ट्रेमध्ये. उडून-सांडून जातं तेवढंच नवं मिसळायचं. नवं पीठ उनाड असतं. तेल लावावं तेव्हा कुठे जरा आकार धरतं. जुन्याला वळण लागलेलं असतं."

वळण हा शब्द बाईंनी आजवर अक्षराबद्दल ऐकला होता आणि मुलांबद्दल. पिठाबद्दल पहिल्यांदाच ऐकला. घरी जाताना बसमध्ये त्या एकदाच बोलल्या. "रबराला काय, कापलं की कापलं. हे पीठ धरतं पण आणि सोडतं पण."

साचेघर म्हणजे खिडकीपाशी एक मोठं टेबल आणि प्लॅस्टरची पोती. काम असं होतं. एकेका अक्षराची एक मूळ चकती कोरायची, गोल, आणि तिच्यावर उठावाचं अक्षर. तिच्यावरून रबराचा साचा घ्यायचा आणि त्यात प्लॅस्टर ओतून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. त्या प्रती पाटावर चिकटवायच्या. बाईंनी 'अ'पासून सुरुवात केली, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा हात एका जागी शांत बसला. प्लॅस्टर रबरापेक्षा भुसभुशीत होतं, ब्लेड सहज जाई. मास्तर अधूनमधून डोकावून जात. बाजू जरा तिरक्या ठेवा, नाहीतर पाट वर जाताना पीठ ओढून घेईल, एवढं त्यांनी सांगितलं. मॅनेजरबाईंनी चकत्या हातात घेऊन पाहिल्या.

"ही अक्षरं उलटी आहेत ना?"

"साचा उलटाच असतो, बाई," शिक्केबाई म्हणाल्या.

"हो, अर्थात," मॅनेजरबाई म्हणाल्या. मास्तरांनी मान डोलावली. भाचीनेही डोलावली. साचा उलटा असतो हे कुणाला माहीत नाही?

चाचणीच्या दिवशी पाट खाली आला, रुतला, वर गेला. आणि पिठात, ओळीने, ठसठशीत, सुलट अक्षरं. अ आ इ ई. छापल्यासारखी. बाईंनी तोंडावर हात ठेवला. आयुष्यभर त्यांनी अक्षरं शाईत पाहिली होती, कागदावर चपटी. इथे ती खोल होती, त्यांना सावली होती, 'ई'च्या शेपटीच्या तळाशी अंधार होता.

"आजवर या पिठाने अस्वलं आणि संत्री पाहिली," मास्तर ओरडले. "आज साक्षर झालं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोट्या सुटल्या, अक्षरं पाकाने भरली, ट्रे गरम खोलीत गेले. घरी भावजयीने बाईंना पाणीसुद्धा हातात आणून दिलं. "आता आमच्या वन्सं कारखानदार!"

दुसऱ्या दिवशी ते ट्रे मशीनच्या दुसऱ्या टोकाशी आले. तिथे प्रत्येक ट्रे पालथा होतो, पीठ चाळणीतून खाली गळतं, गोळ्या वर राहतात, ब्रश त्यांना झाडून काढतात. बाई, भाची, मॅनेजरबाई चाळणीपाशी उभ्या होत्या. पहिली गोळी घरंगळत आली. पिवळी, चकचकीत, काठ रेखीव. तिच्यावर 'क' होता, पण त्याचा गोल पोटाचा भाग उजवीकडे आणि शेपूट डावीकडे. मागून 'ग' आला, काना पुढे घेऊन. मग सगळी मुळाक्षरंच पाठ फिरवून यायला लागली.

मास्तरांनी एक गोळी उचलली. "बाई," ते हळूच म्हणाले, "ही आरशात बघून खायची का?"

कुणी हसलं नाही. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंच्या मात्र ध्यानात आलं होतं, पहिल्याच गोळीला. शिक्का उमटला की शिक्क्याचं काम संपतं. इथे उमटणं म्हणजे अर्धी वाट. पिठात सुलट दिसलेलं अक्षर गोळी होऊन पालथं पडतं, तेव्हा पुन्हा एकदा उलटतं. तारा, संत्रं, अस्वल यांना उलट-सुलट काही नसतं, म्हणून त्या हॉलमध्ये आजवर हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. आणि पिठात इतकं सुरेख वाचता येत होतं की कुणाला शंका यावी कशी?

"चूक माझी," बाई म्हणाल्या.

"मी पण विचारून गप्प बसलेच की," मॅनेजरबाई म्हणाल्या. "पण आता स्पष्ट सांगते. मशीन पुन्हा रिकामं मिळेल तेव्हा एकदाच चाचणी घेता येईल. तेव्हाही जमलं नाही तर मला साचे बाहेरूनच मागवावे लागतील."

उलट्या गोळ्या परत पातेल्यात गेल्या आणि वितळल्या. चाळणीखालून पीठ पट्ट्यावर चढलं, वाळवणीतून गेलं, ट्रेमध्ये पडलं, पट्टीने सपाट झालं. बाई बघत राहिल्या. रबरावर एक काना चुकला तर तुकडा फेकावा लागायचा आणि वडील दिवसभर बोलायचे नाहीत. इथे एवढी मोठी चूक कुठेच उरली नव्हती. पांढरंशुभ्र, सपाट, पुढच्या आकाराला तयार. पिठाने त्यांना बोल लावला नाही, हे बघून त्यांना भरून आलं. मग त्या साचेघरात जाऊन बसल्या.

आता सुलट कोरायचं. त्यात काय एवढं? पेनाने चकतीवर सुलट 'क' काढला, ब्लेड धरलं आणि हात अडखळला. सुरुवात कुठून करायची तेच हाताला कळेना. वळण आलं की ब्लेड आपल्या जुन्या वाटेने दुसरीकडे पळे. निघालेलं अक्षर पहिलीतल्या पोराने डाव्या हाताने काढल्यासारखं दिसे. चकत्यांमागून चकत्या फुटल्या.

घरी भाऊ म्हणाला, "ताई, चालतेस तरी सरळ ना?"

"तुला सरळ करते थांब," बाई म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता. भावजयीने नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं. या चाचणीत ताई हरली तर ती पुन्हा बटाट्यावर येणार नाही, ती काहीच कोरणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

दुपारच्या सुट्टीत भाची साचेघरात आली. टेबलावर प्लॅस्टरचा चुरा, मधोमध आत्या.

"आत्या, तू हाताकडे बघूच नको. एवढंच डोक्यात ठेव, पिठात उलटं यायला पाहिजे."

"पिठात उलटं?"

"हो. पिठात खोल आणि उलटं. म्हणजे गोळी उठावाची आणि सुलट."

बाईंनी ब्लेड खाली ठेवलं. "पुन्हा म्हण."

"खोल आणि उलटं."

"उलटं मला येतं," बाई सावकाश म्हणाल्या. "मग मी साचा कशाला कोरू? पीठच कोरते."

भाचीला कळेना. बाईंनी प्लॅस्टरची एक सपाट लादी ओढली. "हे तुझं पीठ समज. पिठात जे उमटायला हवं ते मी यात कोरते, तसंच खोल, तसंच उलट. मग यातच ओतायचं प्लॅस्टर. जे निघेल ते..."

"सुलट निघेल! आणि रबराचा साचाही वेगळा नको!" भाची एवढ्याने ओरडली की मास्तर धावत आले, काही कापलं की काय म्हणून.

पण बोलायला सोपं होतं. शिक्का कोरताना अक्षर सोडून बाकीचं काढतात. आता बाकीचं सोडून अक्षरच काढायचं होतं. जिथे आयुष्यभर ब्लेड लावायचं नाही असं शिकल्या, नेमकं तिथेच लावायचं. पहिला 'अ' कोरताना बाईंना चोरी केल्यासारखं वाटलं. पण हात उलट्या वाटेने मोकळा धावत होता. लादीवर साबणाचं पाणी फासून त्यांनी प्लॅस्टर ओतलं, घट्ट झाल्यावर ठोकून सोडवलं. तळहातावर उठावाचा 'अ' त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. मध्ये शाई नाही, कागद नाही. स्वतःच्या हातचं अक्षर असं थेट समोर उभं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. बराच वेळ त्या त्याच्यावरून बोट फिरवत राहिल्या.

दुसऱ्या चाचणीला पाट खाली आला, रुतला आणि वर गेला. तेवढ्यात मास्तरांचा हात लाल बटणावर पडला. खाड्कन मशीन थांबलं.

"उलटं!" ते म्हणाले. "बाई, परत उलटं आलं!"

मॅनेजरबाई वाकल्या. पिठात अक्षरांची जत्रा होती आणि धड वाचता काहीच येत नव्हतं. "मला काही वाचताच येत नाहीये. शिक्केबाई, खात्री आहे?"

"उलटंच हवं," बाई म्हणाल्या. पण चाचणी शेवटची होती, आणि समोरच्या सगळ्यांना दिसत होती ती चूकच. नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? बाई ट्रेवर झुकल्या आणि मोठ्याने वाचायला लागल्या. "क, ख, ग, घ. च, छ, ज, झ..." अडखळणं नाही, थांबणं नाही, पेपर वाचावा तसं. ओळ संपली की पुढची ओळ. मास्तर तोंड उघडं ठेवून ऐकत होते. "ट... थांबा. ठच्या पोटातलं पीठ ढासळलंय. हा ठ गेला. त्याच्या पुढच्या ओळीतलाही गेला."

मास्तरांनी बॅटरी मारून पाहिलं. गोलाच्या आतला पिठाचा इवलासा डोंगर कोसळून खाचेत पडला होता. "आहे खरं. पण एवढ्या उलट्या गर्दीत मला ते दिसलंच नसतं."

"बाजू सरळ राहिल्यात माझ्या. तिरक्या करते." बाईंनी पाटाखाली हात घालून सगळ्या ठच्या आतल्या कडा ब्लेडने उतरवल्या. मॅनेजरबाई क्षणभर त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या, मग मास्तरांना म्हणाल्या, "चालू करा."

पट्टीने ट्रे सपाट केला, पाट पुन्हा उतरला. या वेळी डोंगर उभे राहिले, एकूण एक.

दुसऱ्या दिवशी मशीन दोन्ही टोकांनी चालू होतं. त्या टोकाला कालचे ट्रे पालथे होत होते, आणि तेच ट्रे, त्याच पिठाने भरून, या टोकाला पाटाखाली येत होते. चाळणीतून पहिली गोळी अजून यायची होती, तरी कालचं वाचन ऐकून मॅनेजरबाईंनी शिक्केबाईंना पाटापाशी उभं केलं होतं. कुठलं अक्षर पिठात मोडलंय हे पाक पडायच्या आत सांगणारं दुसरं कुणी त्या हॉलमध्ये नव्हतं. साचेघरातलं काम झालं की रोज थोडा वेळ इथेही यायचं, असं त्यांनी सांगून टाकलं. बसायला स्टूलही आणवलं.

अचानक चाळणीकडून आरडाओरडा झाला. भाची हात उंचावून नाचत होती, मास्तर टोपी काढून झटकत होते आणि पिठाच्या ढगात दिसेनासे झाले होते.

"आत्या! सुलट आली गं, सगळी सुलट! ठसुद्धा अख्खा! ये ना लवकर!"

"आले, आले," बाई म्हणाल्या. त्यांनी एक पाऊल उचललंही. पण तेवढ्यात पाट वर गेला. खाली कोऱ्या पिठात खोल, उलटी, ताजी अक्षरं उमटली होती, आणि ती पाकाखाली जाण्याआधी वाचून होतील एवढाच वेळ होता. बाई पुन्हा वाकल्या. मागून पुढचा ट्रे आला, त्याच्या मागून आणखी एक. भाची हाका मारत राहिली, आणि बाई वाचत राहिल्या.